सुईचं टोक

माझ्या नणंदेला कोणीही काहीही म्हणावं, मी मध्ये पडणार नाही. तुसडी म्हणा, खडूस म्हणा, आगाऊ म्हणा. लग्न झाल्यापासून मनातल्या मनात मी स्वतःच तिला हे सगळं म्हणून बसले आहे. पण तिला निष्काळजी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. आणि नेमका हाच शब्द कारखान्याच्या अंगणात, चारचौघांसमोर, तिच्या तोंडावर म्हटला गेला. तेव्हा तळपायाची आग जी मस्तकाला गेली ती अजून उतरलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याच घरात राहतात, पुढच्या खोलीत. त्यांनी नवऱ्याला सोडलं त्याला आता खूप वर्षं झाली. तो दारू प्यायचा, मारहाण करायचा, असलं काही नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन कामाला म्हणून बाहेर पडायचा आणि काम केव्हाच सुटलेलं होतं. दिवसभर कुठल्यातरी बागेतल्या बाकावर बसायचा, डबा संपवायचा आणि दमल्यासारखा चेहरा करून घरी यायचा. हे उघडकीला आल्यावर सासरची मंडळी म्हणाली, बिचारा लाजेपोटी बोलला नाही, समजून घे. वन्सं म्हणाल्या, "काम गेलं ते समजून घेतलं असतं. पण मी पहाटे उठून तो डबा भरत होते, आणि तो रोज माझ्याकडे बघून 'येतो' म्हणत होता. ते नाही समजून घेता येत." पिशवी उचलली आणि भावाकडे आल्या. माझं लग्न ठरत असताना हा किस्सा मला कौतुकाने सांगण्यात आला. पुढे काय वाढून ठेवलंय हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी कपडे वाळत घालत होते. वन्सं मागे येऊन उभ्या राहिल्या. माझा एक झगा दोरीवरून काढला, उलटा केला, बगलेची शिवण दोन बोटांत धरून उजेडात नेली.

"हे कोणी शिवलं?"

"माझ्या आईने."

"आईला नीट दिसत नाही का हल्ली?"

मी खोलीत जाऊन रडले. आईला फोन करून सांगितलं, की कसल्या घरात दिलंस मला. पुढे आईचे डोळे तपासले तेव्हा मोतीबिंदू निघाला. तेव्हा तर मला वन्संचा आणखीच राग आला. माणसाने बरोबर असावं, पण इतक्या उघडपणे असू नये.

त्यांच्यासोबत दुकानात जाणं म्हणजे शिक्षा. शर्ट हातात घेतला की पहिल्यांदा तो उलटा होणार. रंग कसा आहे, माप काय आहे, ते सगळं नंतर. आम्ही येताना दिसलो की कोपऱ्यावरचा कपड्यांचा दुकानदार आत जेवायला जायचा, मग ती जेवायची वेळ असो वा नसो. एकदा ओळखीच्यांकडे कोणी वारलं म्हणून भेटायला गेलो होतो. रडणाऱ्या सुनेला वन्संनी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या खांद्यावरचा लोंबणारा दोरा चिमटीने अलगद तोडला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझा नवरा एकदा वैतागून म्हणाला होता, "ताई, लोक कपडे घालायला घेतात गं, उलटे करून बघायला नाही." त्यावर वन्सं म्हणाल्या, "अंगाला आतलीच बाजू लागते."

कारखान्यात त्यांचं टोपणनाव भिंग. बहुतेक जण पाठीमागे म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं. मला तिथे कामाला त्यांनीच लावलं, पण वशिल्याने नाही. "पॅकिंगला जागा आहे, जाऊन विचार. माझं नाव सांगितलंस तर घेणार नाहीत," असं म्हणाल्या. नाव न सांगता मला घेतलं.

आमच्या कारखान्यात तान्ह्या बाळांचे कपडे होतात. पुढून टिचबटणं असलेला इवलासा सदरा आणि कमरेला इलॅस्टिक असलेला पायजमा, अशी जोडी. माल परदेशी जातो. शिलाई मशीनच्या लांबच लांब रांगा आहेत. एक बाई फक्त बाही जोडते, एक फक्त गळा, एक फक्त इलॅस्टिक, आणि कपडा पुढे सरकत सरकत रांगेच्या टोकाला चेकरच्या टेबलावर येतो. तिथे नळीच्या दिव्याखाली वन्सं उभ्या. चूक दिसली की त्या जागेवर लाल बाणाचं स्टिकर लावायचं आणि कपडा मागे पाठवायचा. ठीक असला तर लेबलामागे आपल्या नंबराचं बारीक स्टिकर लावून पुढे सोडायचा. वन्संचा नंबर सात. बाकीचे चेकर डोळ्यांनी बघतात. वन्सं डोळ्यांनी बघायच्याच, वर पायजम्याची कंबर आतून स्वतःच्या मनगटाच्या आतल्या अंगावर फिरवायच्या, कारण तिथली कातडी पातळ असते. त्यांच्या मनगटावर कायम लालसर पट्टा असायचा. घरी भांडी घासताना साबण लागला की त्या चुळबुळ करायच्या, पण तोंडातून आवाज काढायच्या नाहीत.

आता सुईचा नियम सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. शिवताना सुई मोडते. रोजची गोष्ट आहे. मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, कागदावर चिकटपट्टीने एकाखाली एक जोडून पूर्ण सुई दाखवायची, तेव्हा नवी सुई मिळणार. एकही तुकडा कमी असेल तर मशीन बंद, आसपासचा सगळा माल बाजूला, आणि तुकडा सापडेपर्यंत कोणी हलायचं नाही. नियम चांगला आहे. तान्ह्या बाळाच्या कपड्यात सुईचं टोक राहिलं तर काय होईल हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. ते पोर रडेल आणि आई म्हणेल भूक लागली असेल.

नियम चांगला, पण तो पाळायचा कोणी? दिवसाचा ठरलेला माल मात्र तसूभर कमी होत नाही. मशीन बंद राहिलं तर मागच्या बाईकडे कपड्यांचा डोंगर होतो, पुढची बाई हात बांधून बसते आणि सुपरवायझर येऊन डोक्यावर उभा राहतो. आमच्या सुपरवायझरला सगळे चला-चला म्हणतात. माणूस आहे की घड्याळाचा काटा, कळत नाही. जेवताना चला-चला, पाणी पिताना चला-चला. त्याच्यावरही वरून दट्ट्या असतो हे मला माहीत आहे. असेल. आमच्या प्रत्येकीवर आहे. म्हणून काही आम्ही त्याच्यासारखी खिशात डबी घेऊन फिरत नाही. कसली डबी, तेच आता सांगते.

डबीची गोष्ट आम्हाला कळली ती हात धुवायच्या नळावर. जेवणाची सुट्टी झाली होती. मी आणि वन्सं हात धुत होतो. शेजारी इलॅस्टिकवाली उभी होती, म्हणजे पायजम्याला इलॅस्टिक लावणारी, आमच्यात सगळ्यांत नवी. घरी तान्हं पोर सासूपाशी ठेवून यायची. तिने डबा उघडलाच नव्हता. नळ सोडून नुसती पाण्याकडे बघत होती.

"मावशी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. विचार," वन्सं म्हणाल्या.

"सकाळी माझी सुई मोडली. वरचा तुकडा मशीनमध्येच होता. मधला मांडीवर पडला. टोक काही सापडेना. मी खाली वाकून शोधत होते तर सुपरवायझर आले. वरच्या खिशातून डबी काढली, खोकल्याच्या गोळ्यांची असते ना, तसली. त्यातून एक टोक काढून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, हे चिकटव आणि बस कामाला."

"कुठलं टोक?"

"दुसऱ्याच सुईचं. सगळ्यांना माहीत आहे मावशी. ते बाजारातून सुयांचं पाकीट आणतात आणि पकडीने टोकं मोडून डबीत ठेवतात. कोणाचं टोक हरवलं की तिला एक देतात. कागदावर सुई पूर्ण दिसते, नवी सुई मिळते, मशीन चालू." ती थांबली. "पण माझं टोक कुठे आहे? ते कुठल्यातरी पायजम्यातच असेल ना? मला घास उतरत नाही. माझं पोर डोळ्यांसमोर येतंय."

मला वाटलं आता वन्सं तिच्यावर फुटणार. फुटल्या नाहीत. त्यांनी हात पदराला पुसले, नळ बंद केला आणि म्हणाल्या, "तू जेव. तू सांगितलंस, तुझं काम झालं." आणि चप्पल सरकवत तरातरा निघाल्या. मी डबा तसाच झाकून त्यांच्यामागे. त्यांची पाठ मी इतकी ताठ कधी पाहिली नव्हती, आणि त्या बाईची पाठ एरवीही वाकलेली नसते.

चला-चला खुर्चीत बसून चहा पीत होता. वन्संनी त्याला काय ते विचारलं, पण इलॅस्टिकवालीचा उल्लेख केला नाही. नुसतं म्हणाल्या, आज सकाळी या रांगेत एका सुईचं टोक हरवलं आहे आणि ते हरवलेलंच आहे. तो हसला. "भिंगबाई, टोक कुठे जाणार? जमिनीवर पडलं असेल, झाडून गेलं असेल. तुम्हाला कोण काय सांगतं आणि तुम्ही निघता!"

वन्संनी मेकॅनिकला बोलावलं. त्याच्याकडे हातात धरायचं मोठं लोहचुंबक असतं, जमिनीवर पडलेल्या सुया वेचायला. त्याने रांगेखालची सगळी जमीन, मशीनखालचे तेलाचे ट्रे, कचऱ्याची पोती, सगळं धुंडाळलं. दोन-तीन केसांच्या पिना आणि एक स्क्रू निघाला. टोक नाही. म्हणजे ते कपड्यातच होतं, आणि सकाळचे कपडे वन्संच्या टेबलावरून पुढे जाऊन, घड्या होऊन, खोक्यांत भरून अंगणात पोचले होते. ट्रक मागचं दार उघडून उभा होता. त्यात चढवायचं काम सुरूही झालं होतं.

वन्सं अंगणातच गेल्या. मॅनेजर साहेब स्वतः उभे राहून खोकी चढवून घेत होते. वन्संनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "या रांगेची आजची खोकी उतरवा. उघडून बघायला हवीत."

"अहो बाई, सगळा माल सुई पकडणाऱ्या मशीनखालून गेला आहे," साहेब म्हणाले. "त्यासाठीच तर ते मशीन घेतलंय. आत जाऊन बघा, हिरवा दिवा चालू आहे."

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या मशीनच्या शेजारीच माझं टेबल आहे. कपडा पट्ट्यावरून आत सरकवायचा, आत धातू असला तर ते किंचाळतं. पण सदऱ्याची टिचबटणं धातूचीच. मग ते प्रत्येक सदऱ्याला किंचाळायचं. दोन दिवस कान किटले, मग कोणीतरी आतली तार काढून ठेवली. पट्टा फिरतो, हिरवा दिवा लागतो. बाहेरचे पाहुणे तपासायला आले की त्यांना तो दिवा दाखवतात आणि ते मान डोलावतात. पायजम्याला धातूचं काही नसतं, पायजमे तरी वेगळे घालून बघावेत, एवढंही कोणाच्या मनात आलं नाही.

"अगं, ते मशीन चालू आहे का?" वन्संनी मला विचारलं. सगळ्यांसमोर.

"तार काढलेली आहे," मी म्हटलं. "कित्येक दिवसांपासून."

"तुला कोणी विचारलं?" साहेब माझ्यावर खेकसले.

"मी विचारलं," वन्सं म्हणाल्या.

तोपर्यंत आसपास गर्दी जमली होती. हमाल थांबले होते, ट्रकवाला खाली उतरला होता, शिलाईच्या बायका दारात दाटीवाटीने उभ्या होत्या. साहेबांना सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. त्यांनी हात झटकले. "बघा. ट्रक भरेपर्यंत काय बघायचं ते बघा. नाही सापडलं, तर कारखान्याचं काम अडवलं म्हणून मी तुम्हाला घरी पाठवेन."

"आणि सापडलं तर?"

"तर कपड्यावरचा नंबर बघू," साहेब म्हणाले आणि थोडंसं हसले.

मला त्या हसण्याचा अर्थ कळला आणि मी वन्संना बाजूला ओढलं. "वन्सं, ऐका माझं. त्या रांगेचा सगळा माल तुमच्याच टेबलावरून गेलाय. प्रत्येक कपड्यावर सात नंबर आहे. नाही सापडलं तरी तुम्ही घरी आणि सापडलं तरी तुम्हीच घरी. हे काय तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतंय."

"मग सोडा की! सांगितलंत ना तुम्ही, ऐकलं नाही त्यांनी. पाप त्यांच्या माथी."

वन्संनी माझा हात सोडवला. "अगं, नंबर माझा आहे म्हणूनच बघायचं. ते स्टिकर म्हणजे काय? कुठल्यातरी आईला मी सांगितलंय, की मी बघितलंय, तू बिनधास्त घाल. आता मला माहीत आहे की ते खोटं आहे. मी गप्प बसू?"

मी पॅकिंगमध्ये जाऊन कटर आणला आणि पहिल्या खोक्याची पट्टी फाडली. मी एकटीच सुरुवात करणार असं मला वाटलं होतं. पण बघते तर माझ्या टेबलावरच्या बाकीच्या बायकाही कटर घेऊन आल्या. आम्ही पायजमे काढून जमिनीवर अंथरलेल्या कापडावर ओळीने ठेवत होतो. मेकॅनिक गुडघ्यावर बसून प्रत्येक कमरेवरून चुंबक फिरवत होता, वन्सं त्याच्या शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या. मागे चला-चला येरझाऱ्या घालत होता आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो कोणाला चला-चला म्हणत नव्हता.

किती खोकी झाली ते मी मोजलं नाही. हात दुखायला लागले होते. ट्रकवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. साहेब मुद्दाम मोठ्याने फोनवर बोलत होते, की आमच्याकडे एक बाई जरा डोक्याने गेली आहे. आणि मग मेकॅनिकचा हात थांबला. एका पिवळ्या पायजम्याच्या कमरेवर चुंबक फिरलं आणि कापडाचा एवढासा कोपरा उभा राहून चुंबकाला चिकटला. त्याने चुंबक हळूच वर उचललं, तर आतून टोक कापडाला छेदून चमकत बाहेर आलं.

ते इलॅस्टिकच्या घडीत आडवं झोपलं होतं, इलॅस्टिकला लागून, सपाट. बोटाला लागलं नसतं, मनगटाला लागलं नसतं. एकदा धुतलं असतं, ताणलं असतं, की उभं राहिलं असतं. वन्संनी तो पायजमा उचलला. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं सगळ्यांत लहान माप होतं, त्यांच्या तळहातावर मावलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्या घरात आल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं.

साहेबांनी पायजमा त्यांच्या हातातून घेतला. टोकाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. लेबल उलटलं. "सात," ते म्हणाले. "सात नंबर कोणाचा?"

कोणाचा आहे हे ट्रकवाल्यालाही कळलं होतं.

"माझा," वन्सं म्हणाल्या.

"म्हणजे सुई असलेला कपडा तुम्ही पास केलात. याला निष्काळजीपणा म्हणतात. बाळांच्या जिवाशी खेळ आहे हा, बाई. तुमच्यासारख्या निष्काळजी चेकर मला चालणार नाहीत. उद्यापासून येऊ नका."

बाळांच्या जिवाशी खेळ! हे कोण म्हणत होतं, तर ज्याने तार काढलेल्या मशीनचा हिरवा दिवा आम्हाला दाखवला तो. आणि कोणाला, तर जिने हे टोक शोधण्यासाठी स्वतःची भाकरी घालवली तिला. मी ओरडले. काय ओरडले ते मला आता आठवत नाही, पण चांगलं काही नसणार, कारण शेजारच्या बाईने माझ्या तोंडावर हात ठेवला. मला वाटलं वन्सं आता तरी बोलतील. त्या भांडायला काय कमी आहेत? स्टिकर माझं, पण टोक कोणी लपवलं, हे विचारतील. पण स्वतःच्या नोकरीबद्दल त्यांनी ब्रही काढला नाही. त्या वळल्या आणि चला-चलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"डबी काढ."

"कसली डबी?" त्याने कानावर हात ठेवले. "साहेब, बघा, आता माझ्यावर ढकलतायत."

वन्सं तशाच उभ्या राहिल्या. डबीबद्दल कोणी सांगितलं हे त्या अजूनही बोलत नव्हत्या, आणि त्या बोलणार नाहीत हे त्यालाही कळलं होतं. तो सावरू लागला. तेवढ्यात दारातल्या बायकांच्या गर्दीतून आवाज आला.

"वरच्या खिशात आहे. सकाळी मला दिलं त्यातूनच."

इलॅस्टिकवाली पुढे आली होती. तिच्या मागून आणखी एक जण म्हणाली, "मलाही दिलं होतं." मग आणखी एक. चला-चलाने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी ट्रककडे. शेवटी साहेबांनी हात पुढे केला आणि त्याने खिशातून डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली. साहेबांनी झाकण उघडलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. तळाशी दोन टोकं होती, बस्स.

साहेबांनी झाकण लावलं. "हे मी वेगळं बघेन," ते म्हणाले आणि डबी स्वतःच्या खिशात टाकली. "टोक सापडलं आहे ना? विषय संपला. खोकी बंद करा, चढवा."

"साहेब," वन्सं म्हणाल्या. आवाज चढवला नाही. घरी माझ्या आईच्या शिलाईबद्दल बोलायच्या त्याच सुरात. "पाकिटात दहा सुया येतात. डबीतून एक टोक बाहेर निघालं, की एक टोक कपड्यात राहिलं. आजचं एक सापडलं. दोन तुमच्या खिशात आहेत. बाकीची कुठे आहेत?"

खोकं खांद्यावर घेतलेला हमाल तसाच उभा राहिला. चला-चला खाली बघत होता. साहेबांनी घसा खाकरला.

"तो माल केव्हाच गेला," ते म्हणाले.

"गेला नाही, साहेब," वन्सं म्हणाल्या. "कोणाच्या तरी अंगावर आहे."